वेचकऱ्यांच्या वाळवंटात

माझ्या कादंबरीतलं जग संपून सहाशे वर्षं झाली आहेत. समुद्र मागे सरकला आहे, नद्यांनी वाटा सोडल्या आहेत आणि उरलेली माणसं वाळूखालच्या शहरांतून जुन्या वस्तू उकरून पोट भरतात. त्यांना मी वेचकरी म्हणते. एवढं मनात पक्कं झालं तेव्हा वाटलं, आता नुसतं लिहायचं उरलं. पण पहिल्याच पानावर साळू, माझी नायिका, वाळूत कोपरापर्यंत हात घालते. तिच्या हाताला काय लागतं? सहाशे वर्षांनी हाताला लागावं असं आपल्या घरांत आहे तरी काय? या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत मला दुसरं पान लिहिता येईना.

म्हणून मी पुण्यातल्या जुन्या बाजारात जायला लागले. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी तो भरतो. जमिनीवर ताडपत्री, त्यावर पाने, पक्कड, नळाचे जुने कॉक, घड्याळांची यंत्रं, कुठल्यातरी मशिनीचे दात झिजलेले गिअर. तिथल्या एका वयस्कर विक्रेत्यांशी माझी चांगली ओळख झाली. मी काय लिहिते हे त्यांना सांगितलं, तर त्यांनी ते अगदी मनावर घेतलं. म्हणाले, "ताई, वस्तू कशाची हे मागाहून. आधी हातात घेऊन जड की हलकी बघायचं. मग लोहचुंबक लावायचं. मग कानस मारून आतला रंग बघायचा. नाव शेवटी." लोखंड, बीड, पत्रा, पितळ, तांबं, शिसं, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. प्रत्येकाचा आवाज वेगळा, भाव वेगळा. फरशीवर टाकून ते मला एकेकाचा आवाज ऐकवत गेले. घरी येऊन मी साळूचं काम याच क्रमाने बसवलं: वजन, ओढ, रंग, आवाज. कादंबरीत तिला एकाही वस्तूचं आपल्याला माहीत असलेलं नाव माहीत नाही, पण तिच्या हातांना सगळं कळतं.

तिथेच मला साळूची पहिली वस्तू मिळाली. चिनी मातीचा पांढरा फ्यूज कटआउट. जुन्या वाड्यांत मीटरखाली लाकडी बोर्डावर असायचा तो. मुठीत मावतो, गुळगुळीत असतो आणि आत पितळेच्या दोन जिभा. मातीचं भाजलेलं भांडं हजारो वर्षं टिकतं, तसाच हाही टिकेल. पितळ हिरवं पडेल, मधली तार केव्हाच गेलेली असेल. हा कशासाठी होता हे ज्याला ठाऊक नाही अशा माणसाच्या नजरेने त्याचं वर्णन करायला मला खूप कागद लागले. दरवेळी मनात "वीज" येई आणि वाक्य फिसकटे. शेवटी मी तो टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून बोटांनी चाचपत लिहिलं. साळूच्या वस्तीत असे कटआउट दाराच्या चौकटीवर बांधतात, कारण जुन्या घरांत ते नेहमी दारामागच्या भिंतीपाशीच सापडतात. त्यामुळे ते घराची राखण करत असणार, असा त्यांचा समज. तो चुकीचा असला तरी त्यामागे निरीक्षण आहे, आणि माझ्या सगळ्या वेचकऱ्यांचे समज असेच असावेत असं मी तेव्हा ठरवलं. मूर्ख भविष्यकालीन माणसं मला लिहायची नव्हती.

पुढचं काम याद्यांचं. वाळवंटात काय टिकतं? वाळूचे कण वर्षानुवर्षं आपटून काच धुरकट होते, पण उरते. प्लॅस्टिक उन्हात ठिसूळ होऊन चुरा होतं, वाळूखाली मात्र खूप काळ तग धरतं. सिमेंट काँक्रीटच्या आतल्या सळया मिठाच्या संगतीत गंजतात, फुगतात आणि काँक्रीटला आतून फोडतात. म्हणजे खाऱ्या वाळवंटात आपल्या टोलेजंग इमारती आधी पडणार आणि दगडी पायऱ्यांच्या विहिरी मागे राहणार. मिठापुढे स्टेनलेस स्टीलचाही निभाव लागत नाही, त्यालाही बारीक भोकं पडत जातात. कोरडं वाळवंट आणि खारट वाळवंट या दोन वेगळ्या दुनिया आहेत हे मला इथे कळलं. कोरड्या वाळवंटाची ताकद केवढी, याचं एक उदाहरण मी भिंतीवर लिहून ठेवलं होतं. एप्रिल १९४३ मध्ये इटलीवरच्या हल्ल्यातून परतताना एक अमेरिकी बॉम्बफेकी विमान वाट चुकून लिबियाच्या वाळवंटात खोल गेलं. इंधन संपत आल्यावर आतल्या माणसांनी उड्या मारल्या आणि विमान आपणच वाळूवर घसरत उतरलं. १९५९ मध्ये शोधपथक तिथे पोचलं, तेव्हा त्याचा रेडिओ चालत होता, मशिनगनमधून गोळी सुटत होती आणि थर्मासमधला चहा पिण्याजोगा होता. बहुतेक माणसं मात्र पाण्यावाचून गेली होती. चहा टिकला आणि माणसं टिकली नाहीत, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. वेचकऱ्यांची खरी गोष्ट वस्तूंची नसून पाण्याची आहे हे मला तिथे दिसलं, आणि मी कथानकाची तोवरची टाचणं बाजूला ठेवून पाण्याचा हिशेब मांडायला घेतला.

या हिशेबात मला सर्वांत जास्त मदत झाली ती चीनच्या पश्चिमेकडच्या तक्लामकान वाळवंटाची. ऑरेल स्टाइन हा पुरातत्त्व संशोधक १९००-०१ च्या हिवाळ्यात तिथल्या खोतान गावाच्या उत्तरेला आणि पूर्वेला वाळूत बुडालेल्या वस्त्यांवर गेला. हिवाळाच का? कारण तेव्हा पाणी बर्फाच्या लादीच्या रूपात नेता येतं. सांडत नाही, गळत नाही, उडून जात नाही. थंडी हाडं गोठवते, पण तहान लागेस्तोवर पाणी पाठीवर घट्ट बांधलेलं राहतं. हे वाचलं त्या रात्री माझ्या कादंबरीचा ऋतूच बदलला. तोवर मी भर उन्हाळ्यातलं वाळवंट लिहीत होते, कारण वाळवंट म्हटलं की ऊनच डोळ्यांपुढे येतं. आता वेचकऱ्यांचे तांडे माघाच्या थंडीत निघतात, उत्तरेच्या तळ्यांवरून बर्फ कापून, गोणपाटात गुंडाळून. बर्फ संपायच्या आत परत फिरायचं. किती खोल जायचं, किती दिवस उकरायचं, सापडलेली जड वस्तू न्यायची की तिथेच पुरून खूण करायची, हे सगळं बर्फ ठरवतो. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मी माझ्यापुरती उरलेल्या लाद्यांची नोंद ठेवत असे. छापील प्रतीत ती नसेल, पण पात्रांच्या आवाजातली घाई तिथूनच आली आहे.

स्टाइनला वाट दाखवणारा तुर्दी हा खोतानचा म्हातारा खजिनाशोधक होता. त्याच्यासारखी माणसं पिढ्यान् पिढ्या वाळूत सोनं शोधत आली होती, आणि कुठल्या टेकाडामागे पडक्या भिंती आहेत ते त्यांना तोंडपाठ होतं. नकाशावर नाव स्टाइनचं लागलं, पण वाट तुर्दीची होती. साळूचा बाप मी तुर्दीला मनात ठेवून लिहिला. निया या जागी स्टाइनला ओळीने उभी असलेली वाळलेली फळझाडं दिसली, बागेचं कुंपणही जागच्या जागी. तिथल्या घरांत खरोष्ठी लिपीतल्या शेकडो लाकडी पाट्या होत्या, सुमारे तिसऱ्या शतकातल्या. काही पत्रं तर अजून दोरीने बांधलेली, वर मातीची मोहर शाबूत. भाषा प्राकृत. आणि आत काय? उंट कुणाचा, कर कुणी थकवला, पाण्यावरून कुणाचं भांडण झालं. देवांची गुपितं नाहीत, कचेरीतली रोजची कामं. मला हे फार मोलाचं वाटतं. माझ्या कादंबरीत वेचकऱ्यांना मिळणारं सर्वांत मौल्यवान लिखाण म्हणजे एका गावाचं पाणीपट्टीचं रजिस्टर आहे, कारण त्यावरून विहिरी कुठे होत्या ते कळतं. एका मित्राने सुचवलं होतं की तिथे एखादा मंत्रग्रंथ असावा, वाचक त्यावर उडी घालतील. मी रजिस्टरच ठेवलं. तहानलेल्या माणसाला दुसरं काय हवं असतं?

मग कच्छ. वाचून जे कळत नव्हतं त्यासाठी तिथे जाणं भाग होतं. पुस्तकात रण पांढरं असतं. प्रत्यक्षात त्याला वास असतो, ओल असते, आणि वरचा मिठाचा पापुद्रा पायाखाली कुरकुरत मोडतो तेव्हा खाली काळपट चिखल लागतो. बूट जड होत जातात. क्षितिजावरची झाडं जमिनीपासून सुटून हवेत तरंगताना दिसतात. खदिर बेटावर धोलावीरा आहे, हडप्पाकालीन शहर, २०२१ पासून जागतिक वारशात. मी तिथे पोचले ती खडकात खोदलेली टाकी पाहायला. पावसात दोन ओढे वाहतात, मानसर आणि मनहर, त्यांना अडवून हे शहर जगलं. टाक्याच्या पायऱ्या उतरून तळाशी उभं राहिलं की वर फक्त आभाळाचा चौकोन उरतो. वेचकऱ्यांची देवळं कशी असतील ते मला तिथे कळलं: रिकामी टाकी, आणि पायऱ्या उतरत जाणं हीच पूजा.

त्या शहराच्या उत्तर दरवाजापाशी दहा मोठ्या चिन्हांची पाटी सापडली आहे. चिन्हं जिप्समच्या तुकड्यांची, लाकडी फळीवर बसवलेली. फळी कुजून गेली, तुकडे जसेच्या तसे मातीत पडून राहिले. ती चिन्हं आजवर कुणाला वाचता आलेली नाहीत. शहराच्या दारावर एवढ्या मोठ्या अक्षरांत काहीतरी सांगून ठेवलं आहे, आणि ऐकणारं कुणी नाही. कादंबरीच्या शेवटाला जी पाटी येते तिचं बीज इथलं.

बन्नीच्या गवताळ भागात गुरं पाळणाऱ्या मालधारी लोकांचे विरडे पाहिले. सुकलेल्या तळ्याच्या तळात खणलेला उथळ खड्डा, कडा लाकडांच्या चौकटीने आणि गवताने धरलेल्या. पावसाचं गोडं पाणी हलकं, जमिनीतलं खारं पाणी जड. म्हणून गोडं वर तरंगतं. ते हळूहळू झिरपतं आणि तेवढंच उपसायचं असतं. हावरेपणाने उपसलं की खालचं खारं वर येतं आणि विरडा मरतो. एक चाचा गुरांसाठी पाणी काढत होते. मी मोडक्या हिंदीत विचारलं, किती काढायचं हे कसं ठरवता? त्यांनी ओंजळीतलं थोडं पाणी जिभेवर घेतलं, चव पाहिली आणि दोर गुंडाळला. आज पुरे.

माझ्या कादंबरीतली जादू त्या ओंजळीतून आली. तोवर ती मला सापडत नव्हती. अद्भुत कथा लिहायची म्हणजे जादू हवी, पण आकाशातून पडलेली जादू त्या कोरड्या जगात उपरी वाटे. आता ती अशी आहे: मीठ आठवण धरतं. ज्या जागी पाणी सुकून मीठ मागे राहिलं, त्या जागेचं मीठ जिभेवर ठेवलं की पाणी असतानाचं जग दिसतं. बंदर, नावा, ओल्या दोरांचा वास, हाका मारणाऱ्या बाया. पण मीठ चाखलं की तहान लागते, आणि तहानेला बर्फ लागतो. जितकं मागचं पाहायचं तितकं जास्त मीठ, तितकं जास्त पाणी. साळूला आपल्या आईचा चेहरा पाहायचा आहे आणि तांड्याकडे परतीपुरताच बर्फ उरला आहे, हा कादंबरीतला सर्वांत अवघड प्रसंग मला लिहिता आला तो या नियमामुळे. जादूची किंमत कुठून वसूल करायची हे एकदा ठरलं की पात्रं आपोआप खरी वागू लागतात. मी तो प्रसंग लिहिताना रडले आणि त्यातलं एकही वाक्य नंतर बदललं नाही.

कच्छमधलं लखपत मी शेवटी पाहिलं. १८०१ मधली सुमारे सात किलोमीटरची तटबंदी, आणि आत मोजकी घरं. एकेकाळी इथे बंदर होतं. १६ जून १८१९ च्या भूकंपात उत्तरेकडची जमीन लांबच लांब बांधासारखी वर उचलली गेली, तिला लोक अल्लाबंद म्हणतात. सिंधूच्या पूर्वेकडच्या फाट्याची वाट अडली. जवळचा सिंद्रीचा किल्ला खचून पाण्यात गेला आणि बुरुजावर चढलेली माणसं तेवढी वाचली. बंदर होतं तिथेच राहिलं, पाणी आणि व्यापार निघून गेला. जगबुडीच्या कथांत नेहमी सगळं एका दिवसात संपतं. लखपतच्या तटावर उभं राहून मला वाटलं, खरी जगबुडी अशीच असते: धक्का एका दिवसाचा, आणि मग गाव रिकामं व्हायला लागणारी कितीतरी वर्षं, ज्यात कुणीतरी रोज सकाळी उठून दुकान उघडतच असतं. कादंबरीतला जगाचा अंत मी त्यानंतर पुन्हा लिहिला. त्यात आता एकही स्फोट नाही.

एक पात्र राहिलंच, आणि ते माझं सर्वांत लाडकं आहे. खोतानमध्येच इस्लाम आखून नावाचा माणूस होता. जुन्या हस्तलिखितांना परदेशी वकिलातींत पैसे मिळतात हे पाहून त्याने स्वतःच जुनी पुस्तकं बनवायला सुरुवात केली. कागद झाडाच्या डिंकाच्या पाण्याने पिवळा करायचा, चुलीवर टांगून धुरकटवायचा, पानांत वाळू भुरभुरायची आणि लिपी मनाने रचायची. कलकत्त्यात हर्नलेसारखे विद्वान ती अज्ञात लिपी सोडवायला बसले होते. हाताने लिहिणं पुरेना तेव्हा या माणसाने लाकडी ठसे करून छापायला घेतलं. शेवटी १९०१ मध्ये स्टाइनने समोर बसवून उलटतपासणी केली तेव्हा त्याने कबूल केलं. त्याच्या हातातलं कसब आणि माणसाच्या हव्यासाची अचूक पारख पाहून मला तो खलनायक करवेना. माझा तात्या त्याच्यावरून आला. तात्या खोटे अवशेष बनवून विकतो. गिऱ्हाइकाला काय सापडायला हवं आहे हे त्याला गिऱ्हाइकाच्या आधी कळतं.

आणि आता ज्या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो. वेचणाऱ्याला आपल्या हातात काय आहे ते माहीत नसतं, हे कादंबरीत सुंदर वाटतं. प्रत्यक्षात ते जिवावर बेतलं आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात, सोडून दिलेल्या एका किरणोपचार केंद्रातून दोघांनी एक जड यंत्र काढून भंगारात विकलं. भंगारवाल्याला फोडलेल्या भागातून अंधारात निळसर उजेड दिसला. त्याने ते घरात नेलं, नातेवाईकांना, मित्रांना चिमूट चिमूट वाटलं. ते किरणोत्सारी सीझियम होतं. चार जण दगावले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी. एक लाख बारा हजारांवर लोकांना तपासावं लागलं आणि २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात ते सापडलं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीतही लिलावात निघालेल्या जुन्या यंत्रातलं किरणोत्सारी कोबाल्ट भंगाराच्या दुकानांत पोचलं आणि एका कामगाराचा जीव गेला. हे वाचून मी जुन्या बाजारातल्या त्या काकांकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जास्त जड आणि कारण नसताना जाड शिसं, तर हात लावायचा नाही. आमच्यात हे नव्या पोरांना सांगितलं पाहिजे." निळा उजेड किती देखणा असेल हे मला वाचकाला जाणवून द्यायचं होतं. तो देखणा आहे म्हणूनच लोक मेले. त्यामुळे त्या प्रकरणात मी सौंदर्य कमी केलं नाही, उलट वाढवलं.

शेवटचं ठिकाण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतलं आहे. कार्ल्सबॅडजवळ वाळवंटाखाली सुमारे ६५५ मीटर खोल मिठाच्या थरात अणुकचरा पुरतात, १९९९ पासून. मीठच का? एवढं मीठ अजून जागेवर आहे याचा अर्थ तिथे वाहतं पाणी पोचलेलं नाही, आणि मीठ सावकाश सरकत पोकळी आपणच बुजवतं. दहा हजार वर्षांनंतरच्या माणसांना तिथे खणू नका हे कसं सांगायचं, यासाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भाषातज्ज्ञ, पुरातत्त्वज्ञ, चित्रकार अशांना एकत्र बसवलं होतं. मोठमोठ्या काट्यांचं रान उभारावं, अशीही एक कल्पना त्यांनी मांडली. इथे मोलाचं काहीही नाही, सन्मानाचं काहीही नाही, अशा आशयाचा संदेश त्यांनी सुचवला. मीठ आठवण धरतं अशा जगात, मिठाखाली पुरलेली गोष्ट! मला कादंबरीचा शेवट आयता समोर दिसला.

साळूचा तांडा दगडी काट्यांच्या रानात पोचतो. बर्फ संपत आलेला. सगळ्यांना खात्री आहे की एवढी राखण केली म्हणजे आत खजिना असणार. वस्त्यांमध्ये शाप कोरलेल्या पाट्या तात्यानेच शेकड्याने बनवून विकल्या आहेत, कारण शाप असला की किंमत दुप्पट होते. म्हणून इथली पाटी खरी की खोटी हे त्याला विचारतात. साळू मीठ चाखायला निघते, तो तिचा हात धरतो आणि पाटीवरची चित्रं दाखवतो. बनावट करणारा माणूस गिऱ्हाइकासाठी बनवतो, तो सांगतो. आत सोनं आहे, राजा आहे, देव आहे, असंच तो लिहील. इथे काही नाही, निघून जा, असं लिहिलेली वस्तू विकत कोण घेणार? हिला गिऱ्हाईक नाही. म्हणजे ही खरी आहे.

तांड्यातले अर्धे त्याचं ऐकतात आणि अर्धे कुदळी काढतात. कोण कोणत्या बाजूला जातं यावर माझं अजून काम चालू आहे, आणि साळूच्या भावाचं काय करायचं ते ठरलेलं नाही.